ग्रुपवर टाकलेला आलेख

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तो आलेख मी टाकला, हे सगळ्यांना माहीत आहे. तो चुकीचा होता, हे मात्र मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्यांच्याविरुद्ध तो टाकला त्या गृहस्थांना तर नाहीच.

मी मुळात कमी बोलतो. त्यामुळे लोक मला समजूतदार धरून चालतात. मीटिंगमध्ये सगळे भांडून दमले की कुणीतरी माझ्याकडे बघतं, आणि मी जे काही पुटपुटतो ते ठराव म्हणून लिहून घेतलं जातं. हा मान मला आवडत आला आहे. खरं म्हणजे बऱ्याच वेळा मी गप्प असतो तो काही समजलेलं नसतं म्हणून.

मुलुंड पूर्वेला तीन विंगांची आमची सोसायटी. तिचं ऑफिस म्हणजे तळमजल्यावर पाण्याच्या पंपाशेजारची खोली. त्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी एक काका येऊन बसायचे. ते आणि माझे बाबा विक्रोळीच्या एकाच कारखान्यात होते. कारखान्यातून लवकर निवृत्ती घेऊन काका म्युच्युअल फंडाचे एजंट झाले. कापडी पिशवीत फॉर्म, गोंदाची बाटली, शाईचं पॅड, आणि सही कुठे करायची तिथे फुली मारायला पेन्सिल. सोसायटी त्यांच्याकडून खोलीचं भाडं घेत नसे. त्या बदल्यात ते बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्या माणसांचे सगळे फॉर्म फुकट भरून द्यायचे. बँकेचे, गॅसचे, आणि नोव्हेंबर आला की पेन्शनीसाठी लागणारा हयातीचा दाखला. असा काही लेखी करार नव्हता. वर्षानुवर्षं तसं चालत आलं होतं. भिशीच्या बायका भिशी लागली की पर्स घेऊन थेट त्या खोलीत जायच्या.

बाबा गेल्यावर जी रक्कम आली ती आईने काकांच्या सांगण्यावरून एका फंडात ठेवली. कुठला फंड, कसला, मी विचारलं नाही. दुसरं नाव माझं होतं. पेन्सिलची फुली होती तिथे मी सही केली आणि ऑफिसला निघून गेलो. ही माझी पहिली चूक. पण ती चूक आहे हे सहा वर्षं कळलं नाही, त्यामुळे तिचा त्रासही झाला नाही.

ऑफिस अंधेरीला. मी औषधांच्या कंपनीत खरेदी विभागात आहे. शेजारच्या टेबलावर एक बाई बसते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण मला अरे-तुरे करते आणि मलाही ते बरं वाटतं. एक दिवस जेवताना पैशांवरून विषय निघाला आणि आईचे पैसे एजंटकडून गुंतवलेत असं मी बोलून गेलो. तिने डब्याचं झाकण तसंच हातात धरलं.

"एजंट? अजून? अरे, तुझी वाट लागली ना यार. तो फंड चालतो कसा ते तरी बघितलंस कधी?"

मी म्हटलं, कसं बघतात?

"साइट्स आहेत ना ढीगभर. दोन नावं टाक, कंपेअर दाब, रेघा येतात समोर. फुकट आहे रे, तुझ्यासारख्या कंजूस माणसासाठीच बनवलंय."

त्या दिवसापासून पुढचे तीन आठवडे मी जेवणाच्या सुट्टीत तेच करत होतो. आणि खरं सांगायचं तर इतका गोंधळ माझ्या डोक्यात दहावीच्या भूमितीनंतर कधी झाला नव्हता.

पहिल्या साइटने काही दाखवण्याआधी माझा फोन नंबर मागितला. मी दिला. मग चार दिवस एक गोड आवाजाची मुलगी मला विम्याबद्दल फोन करत राहिली. दुसऱ्या साइटवर फंडांना तारे होते. आईच्या फंडाला तीन. तिसऱ्या साइटवर त्याच फंडाला चार तारे, आणि चौथीवर तारेच नव्हते, धोका दाखवणारा, गाडीच्या स्पीडोमीटरसारखा एक काटा होता. तो काटा मी उघडला त्या प्रत्येक फंडावर 'खूप जास्त' याच शब्दांवर टेकलेला. म्हणजे सगळेच धोकादायक असतील तर निवडायचं कसं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. एक वर्षाचा परतावा बघितला तर एक फंड वर, तीन वर्षांचा बघितला तर तोच खाली, सुरुवातीपासूनचा बघितला तर तिसराच कुणीतरी पहिला. मग कळलं की 'सुरुवात' प्रत्येकाची वेगळी. कुणी मंदीत जन्मला, कुणी तेजीत. एका ठिकाणी 'रोलिंग' असा शब्द होता. त्यावर बोट ठेवलं की इंग्रजीत खुलासा यायचा, आणि तो वाचून झाला की मूळ शब्दच बरा वाटायचा.

सगळ्यात मोठा घोळ नावाचा. आईच्या फंडाचं नाव टाकलं की एक नव्हे, चार नावं खाली उतरायची. पहिले तीन शब्द सारखे आणि पुढे लांबलचक शेपूट. डायरेक्ट, रेग्युलर, ग्रोथ, आणि एक इंग्रजी अक्षरांचा जुडगा, ज्याला पूर्वी डिव्हिडंड म्हणत. लोक नावापुढे पदव्या लावतात तसं काहीतरी असेल असं मी धरलं. पदवी लावली काय, न लावली काय, माणूस तोच. आईच्या कागदावर जे शेपूट होतं ते जुळवून मी तेच नाव निवडलं, आणि समोर दुसऱ्या एका पाच ताऱ्यांच्या फंडाचं जे पहिलं आलं ते घेतलं.

मी एक्सेलमध्ये तक्ता केला. पाच साइट, प्रत्येकीचे आकडे. एकही आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता. शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, काय रे, पीएचडीला बसलास का. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की बाई, मला यातलं काही कळत नाहीये, जरा बघतेस का. तिने दोन मिनिटांत सांगितलं असतं. मी म्हटलं, जवळपास झालंय.

आणि मग पाचव्या साइटवर ते चित्र आलं. दोन रेघा. पाच ताऱ्यांवाली केशरी रेघ अडखळत का होईना, वर चढत गेलेली. आईच्या फंडाची निळी रेघ मात्र थोडी वर जायची, कटकन खाली पडायची, पुन्हा थोडी वर, पुन्हा कटकन खाली. करवतीच्या पात्यासारखी. आणि सहा वर्षांच्या शेवटी जिथून निघाली जवळपास तिथेच.

तीन आठवड्यांच्या गोंधळानंतर मला एक गोष्ट डोळ्यांनी दिसली. त्याने इतकं हायसं वाटलं की ती खरी आहे का, हा प्रश्नच पडला नाही. त्यापाठोपाठ राग आला. सहा वर्षं मी आईच्या पैशांकडे ढुंकून बघितलं नव्हतं, तो राग खरं तर माझा माझ्यावर होता. पण स्वतःवरचा राग ठेवायला माझ्याकडे जागा नव्हती, म्हणून तो मी काकांच्या नावावर केला.

पहिल्या शनिवारी सकाळी मी त्या आलेखाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'निळा काकांनी दिलेला फंड, केशरी बाजारातला चांगला फंड. सहा वर्षांत काय झालं ते ज्याने त्याने बघावं.' फसवणूक हा शब्द मी लिहिला नाही. हे मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे.

पाच मिनिटांत ग्रुप पेटला. बापरे. आमचाही तोच आहे. आमचा वेगळा आहे, पण एजंट तोच. बी विंगमधल्या एकाने कमिशनबद्दल लिहिलं. कुणीतरी लिहिलं की साहेब सहसा बोलत नाहीत, बोलले म्हणजे खात्री करूनच. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

दुपारी काका आले तेव्हा खोलीला कुलूप होतं. सेक्रेटरींनी खाली जाऊन त्यांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. आमच्या गॅलरीतून दिसलं एवढंच, की काका पिशवी काखेत धरून नोटीस बोर्डासमोर उभे आहेत. बोर्डावर टाकी सफाईची जुनी नोटीस होती. ती ते बराच वेळ वाचत होते. मग त्यांनी फोन काढला आणि माझ्या हातातला फोन वाजायला लागला. मी आवाज बंद केला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. मी आत जाऊन आंघोळ केली, दिवसातली दुसरी.

त्यानंतर ते सोसायटीत आले नाहीत. महिन्याभरात दहा-बारा घरांनी पैसे काढून दुसरीकडे नेले. काहींनी मला विचारून नेले. मी आईचे पैसे त्या केशरी फंडात टाकले, थेट, एजंटशिवाय, मोबाइलवरून. आईने विचारलं होतं, त्यांना विचारलंस का रे? मी म्हटलं, आता विचारायचं काय त्यात.

चार महिन्यांनी आई बँकेतून पासबुक छापून आणून टेबलाशी बसली होती. तिची पद्धत म्हणजे प्रत्येक ओळीखाली पट्टी ठेवून वाचायचं. वाचून झाल्यावर पट्टी तिथेच ठेवून म्हणाली, "या वेळी अजून आलं नाही रे."

"काय आलं नाही?"

"काकांचं."

मी विचारलं, काकांचं म्हणजे काय. तिने मागची पानं उलटून दाखवली. दर तीन-चार महिन्यांनी एक नोंद. फंडाच्या नावाची पाच-सहा अक्षरं आणि पुढे रक्कम. सहा वर्षं. आई म्हणाली, बाबा गेल्यावर तिनेच काकांना सांगितलं होतं, पेन्शन नावापुरती, मला पगारासारखं अधूनमधून काहीतरी हातात यायला हवं, नाहीतर मुलाकडे मागावं लागेल. म्हणून काकांनी तसा, डिव्हिडंडवाला पर्याय घेतला. तिची औषधं त्यातूनच आली. आणि माझ्या मुलीच्या अकरावी-बारावीच्या क्लासची निम्मी फी आईने दिली होती, तीही त्यातूनच. फी मी तिच्याकडून हात पुढे करून घेतली होती. कुठून आली विचारलं नव्हतं. एफडीचं व्याज असेल असं समजलो होतो.

फंडातून पैसे बाहेर दिले की त्याचा भाव तेवढा खाली येतो, आणि आलेखातली रेघ भावाचीच असते. एवढीच गोष्ट होती. निळी रेघ जिथे जिथे कटकन खाली पडली होती तिथे तिथे आमच्या घरात पैसे आले होते. आणि मी ते पडणं सगळ्या सोसायटीला दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती साइट पुन्हा उघडली. फंडाच्या नावाशेजारी एक बारीकशी चौकट होती, शेपूट बदलायची. आधीही होती. मी तिथे ग्रोथ, म्हणजे पैसे बाहेर न देता फंडातच ठेवणारा प्रकार, निवडला आणि निळी रेघ उठून वर गेली. केशरीच्या थोडी खाली, पण चांगली वर. काकांचा फंड काही अव्वल नव्हता. वाईटही नव्हता. चारचौघांसारखा होता.

एवढ्यावर गोंधळ मिटायला हवा होता, पण तो वाढला. मी पुन्हा तक्ता केला. एजंटकडून घेतलेल्या फंडात कमिशन कापलं जातं, थेट घेतला तर वाचतं, हे खरं होतं. तेवढा फरक दिसतही होता. म्हणजे मी अगदीच चूक नव्हतो, असं मी काही महिने धरून बसलो. पण मग हयातीचे दाखले, गॅसचे फॉर्म, दर महिन्याची ती दुपार, हे कमिशनच्या कुठल्या खान्यात टाकायचं ते कळेना. कुठल्याच साइटवर तशी चौकट नाही. नेमका किती टक्के चुकलो, हे मला आजही सांगता येणार नाही. मी जे लिहिलं होतं ते मात्र कमिशनबद्दल नव्हतंच. मी लिहिलं होतं, सहा वर्षांत काय झालं ते बघा. आणि ते खोटं होतं.

आईसाठी मी एक उपाय केला. दर तीन महिन्यांनी माझ्या पगारातून तेवढीच रक्कम तिच्या खात्यात टाकायला लागलो. पहिल्यांदा नोंद आली तेव्हा तिने पट्टी ठेवून वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"यात तुझं नाव कसं काय?"

"आता ऑनलाइन झालंय ना. तसंच येतं."

ती "बरं" म्हणाली. तिला किती कळलं आहे, मी विचारलेलं नाही.

मग नोव्हेंबर आला. बिल्डिंगमधली सगळी म्हातारी माणसं हयातीच्या दाखल्यासाठी खाली जमली, कुणाला बँकेत जायचं, कुणाला मोबाइलवर जमतंय का बघायचं. मी आईसाठी अर्धी रजा घेतली होती. ए विंगमधल्या आजी रिक्षाची वाट बघत म्हणाल्या, ते असते तर इथल्या इथे झालं असतं. त्यावर शेजारचे आजोबा म्हणाले, असते काय, फसवलं ना त्यांनी सगळ्यांना, याने पकडलं म्हणून बरं. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आई माझ्या पलीकडे उभी होती. ती रस्त्याकडे बघत राहिली.

त्या रविवारी मी विक्रोळीला काकांकडे गेलो. घर माहीत होतं, लहानपणी बाबांबरोबर गेलो होतो. दार काकूंनी उघडलं, मला ओळखलं आणि आत निघून गेल्या. काका मात्र बाहेर आले आणि नेहमीसारखं म्हणाले, ये, बस. आई बरी आहे? गुडघा काय म्हणतो? मी सांगत गेलो. चहा आला. काकूंनी तो माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा आत गेल्या. काकांचं काम जवळजवळ बंद झालं होतं. आमच्या सोसायटीतून बातमी शेजारच्या दोन सोसायट्यांत गेली होती. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

मी सगळं ठरवून गेलो होतो. पहिलं वाक्यसुद्धा तयार होतं. पण त्याआधी तेच बोलले.

"मी तेव्हा दोनदा फोन केला होता तुला. भांडायला नव्हता रे केला. तो फोटो मला कुणी दाखवलाच नाही. मी काही तुमच्या ग्रुपवर नाही. सेक्रेटरी म्हणाले, कॉम्प्युटरवर तुलना केली, तुमचा फंड तळाला निघाला. मी घरी येऊन सगळे आकडे पुन्हा मांडले. मला काही सापडेना."

मी चहाचा कप उचलला.

"एकदा मनात आलं, तू आईचा डिव्हिडंडवालाच भाव लावलास की काय. तसं केलं तर रेघ पडलेलीच दिसणार. पण म्हटलं, छे. एवढा शिकलेला मुलगा, रोज कॉम्प्युटरवर बसणारा. ही चूक तो करायचा नाही. म्हणजे माझंच कुठेतरी चुकलं असणार. वीस वर्षं लोकांचे पैसे घेतोय, कुठे चुकलो ते कळायला तरी हवं ना. आहे का तो तुझ्याकडे? एकदा बघू दे."

फोन माझ्या खिशात होता. फोटो त्यात होता. त्यांनी एकदा चष्मा लावून बघितला असता तर पुढे मला काही बोलावंही लागलं नसतं.

मी म्हटलं, "फोन बदलला, काका. आता नाही राहिला तो."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, असू दे, आईचे पैसे नीट आहेत ना, मग झालं. मग दाखल्याचं विचारलं. आईचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता, दोन खेपा झाल्या, असं मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, आधी दोन मिनिटं कोमट पाण्यात हात धरायला सांग, नीट पुसून लगेच टेकव, होतं. मी हो म्हटलं. दारापर्यंत सोडायला आले.

परत येताना मी स्वतःला समजावत होतो की पुढच्या रविवारी सांगू. तसे पुष्कळ रविवार गेले. चुकीचा आलेख टाकणं, हे गोंधळातून झालं असं मी म्हणू शकतो. विक्रोळीच्या त्या खोलीत मात्र मला कसलाही गोंधळ नव्हता. सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि ज्या एका माणसाने माझी चूक बरोबर ओळखून केवळ माझ्यावरच्या विश्वासापायी बाजूला ठेवली होती, त्याच्यासमोर बसून मी खोटं बोललो. ते अजूनही आपली चूक शोधत असतील.

हे मी इथे लिहिलं, म्हणजे सांगितलं असं होत नाही. काका हे वाचतील की नाही, मला माहीत नाही, आणि नावं न घालता लिहिणं सोपं असतं. विक्रोळीला जाऊन तो आलेख त्यांच्या हातात देणं, आणि ज्या ग्रुपवर तो टाकला त्याच ग्रुपवर 'चूक माझी होती, त्यांची नव्हती' असं माझ्या नावाने लिहिणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. यातलं काहीही मी अजून दिलेलं नाही.